हरलेल्याच्या घरचं जेवण

“जिंकलेल्याला सांगायला सारा गाव असतो. हरलेल्याला सांगायला आपण जायचं.”

आमच्या वकीलसाहेबांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ते ऐकू येईनासं झालं. धाराशिवच्या कोर्टासमोरचा चहावाला त्यांची नक्कल करायचा. डोक्यावर नसलेली गोंड्याची रुमी टोपी तो हळूच काढायचा, गुडघ्यावर ठेवायचा आणि घसा खाकरून हेच वाक्य म्हणायचा. साहेब चहा पीत समोरच बसलेले असत. नक्कल संपली की म्हणत, “टोपी जराशी डावीकडं पाहिजे होती.”

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. कोर्टाची भाषा उर्दू, पक्षकारांची मराठी, आणि दोन्हींच्या मधे आम्ही वकील. खालचा निकाल पटला नाही की माणूस वर जायचा आणि सगळ्यात वर म्हणजे हैदराबाद. अपिलाला त्या वेळी मुराफा म्हणत. आमचे साहेब मुराफ्याचे वकील म्हणून चार तालुक्यांत ठाऊक होते. “खाली भांडण चालतं, वर कायदा चालतो,” असं ते म्हणत, आणि भांडणाचा त्यांना मनापासून कंटाळा होता. सोलापूरपर्यंत मोटारीनं आणि तिथून वाडी जंक्शनवरून आगगाडीनं ते हैदराबादला जात, तिथल्या मोठ्या वकिलांच्या शेजारी उभे राहत आणि निकाल झाला की त्याची प्रत पिशवीत घालून परत येत.

परत आले की शेरवानी झटकून पुन्हा निघत. हरलेल्याच्या गावी. हरलेला त्यांचा स्वतःचा अशील असो की समोरचा, त्यांना दोन्ही सारखेच. ओसरीवर बसायचं, टोपी गुडघ्यावर ठेवायची, उर्दूतला निकाल सोप्या मराठीत सांगायचा आणि मग गप्प बसून राहायचं. हा माणूस आता उठेल, मग उठेल, म्हणून घरचे वाट बघत. साहेब उठत नसत. शेवटी कुणीतरी नाइलाजानं विचारी, “वकीलसाब, भाकरी खाता का?” साहेब म्हणत, “हौ, खातो की.”

हिंदू घरात मुसलमान माणसाला जेवू घालायचं म्हणजे त्या काळी घरच्यांनाच अवघड. साहेबांना ते पक्कं माहीत होतं. पाणी प्यायचा पेला ते आपल्या पिशवीतून काढत, पत्रावळ मागून घेत आणि जेवण झालं की ती स्वतः उचलून गुरांपुढं टाकत. कुणाला लाजायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढाच त्यातला हेतू. मला त्याचा राग यायचा. एकदा मी तसं बोललोही. ते म्हणाले, “वकीलसाब, एका येळेला एकच मुराफा चालवावा.”

मी त्यांच्याहून वीसएक वर्षांनी लहान. वकिलीची परीक्षा देऊन नुकताच आलो होतो आणि कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली त्यांच्या टेबलाशेजारी माझं टेबल टाकलं होतं. तरी ते मला वकीलसाबच म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

त्यांच्या टेबलावर नेहमी बोरूच्या काड्या आणि एक चाकू असे. अशील आपली हकिकत सांगू लागला की साहेब बोरू तासायला घेत. मान खाली, डोळे चाकूच्या पात्यावर. हकिकत खरी असली तर टोक लवकर निघे. खोटी असली तर ते तासतच राहत, भुगा टेबलावरून खाली पडे आणि अशिलाच्या डोळ्यांदेखत बोरूचा नुसता खुंट उरे. मग साहेब विचारत, “दुसरा घेऊ का आता खरं सांगता?” मोठमोठे देशमुख त्या खुंटाकडं बघून नरम आलेले मी पाहिले आहेत.

हरलेल्याच्या घरच्या जेवणाचे किस्से तर किती सांगावेत. तुळजापूरकडच्या एका गावात बांधाच्या वादात हरलेल्या माणसाच्या बायकोनं त्यांना ठेचा असा वाढला की डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तरी साहेबांनी पत्रावळ स्वच्छ केली. मला म्हणाले, “हायकोर्टाचा निकाल त्यांनी मानला, तर बाईचा ठेचा मी मानायला नको?” दुसऱ्या एका घरानं दारच उघडलं नाही. साहेब पायरीवर बसले, दाराकडं तोंड करून निकाल मोठ्यानं सांगितला, पिशवीतली रोटी काढून तिथंच खाल्ली आणि निघाले. वेशीपर्यंत पोचले तेव्हा घरमालक मागून धावत आला. हातात ताकाचा गडू होता.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्यांनी हातातला चाकू खाली ठेवला. मग म्हणाले, “पाव्हणा दारात आला की चूल पेटवावी लागते. चूल पेटली की घर चालू राहतं. एका माणसाला बाजारात कळालं होतं, आपण हरलो म्हणून. तो घरी गेलाच न्हाय.” एवढं बोलून त्यांनी चाकू उचलला. पुढं मी विचारलं नाही.

एरवी साहेब कोरडे होते. जिंकले तरी चेहरा तोच, हरले तरी तोच. “मिसल बसली,” एवढंच म्हणत. मिसल म्हणजे खटल्याचे कागद. ते एकदा दप्तरात जाऊन बसले की त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. मी अशिलांबरोबर हसायचो, रडायचो. त्याचं त्यांना नवल वाटायचं. असा कोरडा माणूस एकदाच ओला झालेला मी पाहिला, आणि तोही माझ्याच एका मिसलीत.

कळंबला धान्याच्या अडतीवर बसणारे दोघे भाऊ होते. लिंगायत, खाऊनपिऊन सुखी, शेजारी शेजारी घरं. धाकटा मूलबाळ नसताना वारला. त्याच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. थोरला दीर, त्याला अण्णा म्हणत. वर्षभरानं अक्कानं ईट गावच्या एका नातलगाचा धाकटा मुलगा दत्तक घेतला. मल्लू त्याचं नाव. चार-पाच वर्षांचा असेल. अण्णानं दावा लावला की हे दत्तक खरं नव्हे, भावाचं घर आणि शेत आपल्याकडं यावं. अक्काचं वकीलपत्र माझ्याकडं आलं आणि अण्णाचं साहेबांकडं. अण्णाला पहिल्यापासून साहेबच हवे होते, म्हणून ते कुरकुरत का होईना, कळंबच्या मुन्सिफ कोर्टात उभे राहिले.

अण्णा वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. भावाच्या आजारपणात तोच उशाशी बसला होता. पण भावाची जागा ईटहून आणलेल्या पोरानं घ्यावी, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं.

साक्षीला अक्का उभी राहिली. साहेबांनी तिला फार त्रास दिला नाही. दत्तकाचा दिवस कोणता, विधी करणारे जंगम कोण होते, जेवायला काय होतं, असं साधं साधं विचारत गेले. मग म्हणाले, “अक्का, पोराला तुमच्या मांडीवर कुणी ठेवलं?”

अक्का हसली. कोर्टात इतकं मोकळं हसताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. म्हणाली, “कुणी ठिवतंय साहेब? त्येचा बाप उचलाया वाकला, तवर ह्यो आपल्या पायानं आला आन् बसला. माझ्या वटीत गूळ-खोबरं व्हतं न्हवं. समदे हसले. जंगम म्हणले, शिवानंच धाडला.”

“मग बापानं पुन्हा उचलून दिला?”

“कशाला? आला व्हता की त्यो.”

साहेबांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि खाली बसले. ती ओळ कुठं नेणार, हे मला तिथंच दिसलं. हिंदू कायद्यात दत्तकाचा जीव एवढ्या एका कृतीत असतो. देणाऱ्यानं मूल हातानं द्यायचं आणि घेणाऱ्यानं हातानं घ्यायचं. त्या अंगणात पन्नास माणसं जेवली, हळद-कुंकू झालं, वाजंत्री झाली, आणि जी एक गोष्ट करायची तीच मूल आपणहून आलं म्हणून राहून गेली. मुलाच्या पायांनी बापाचं काम केलं आणि सगळ्यांना ते शुभ वाटलं. आमच्याकडच्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

मुन्सिफानं अक्काच्या बाजूनं निकाल दिला. धाराशिवच्या जिल्हा कोर्टानं तोच कायम केला. त्या वेळी हरलेला अण्णा होता, म्हणून साहेब अण्णाकडं जाऊन जेवून आले. अण्णा म्हणाला, “आता वर जायचं.” साहेब म्हणाले, “जाऊ.”

वर जाण्यात वर्षं जातात. तोवर मल्लू अक्काच्या घरात वाढला. तिला आई म्हणू लागला, अडतीवर जाऊन पायल्या मोजू लागला आणि चुलत्याच्या अंगणातल्या चिंचा पाडून त्याच्या शिव्याही खाऊ लागला. अण्णा त्याला शिव्या द्यायचा आणि मग चिंचा राहू द्यायचा.

मग हैदराबादचा निकाल आला. अण्णाचा मुराफा मंजूर. निकालपत्र लांबलचक होतं, पण सगळं त्या एका ओळीवर टेकलेलं. मूल आपण होऊन गेलं, त्याला कुणी दिलं नाही. दिलं नाही म्हणून घेतलंही नाही. सबब दत्तक झालंच नाही. घर आणि शेत अण्णाचं. अक्काला जन्मभर त्या घरात राहायचा आणि पोटगीचा हक्क, मल्लूला कसलाच नाही.

साहेब नेहमीप्रमाणं निघाले. अक्काचा वकील म्हणून मीही बरोबर गेलो. सकाळची मोटार धरून आम्ही कळंबला पोचलो. अक्कानं ओसरीवर घोंगडी टाकली. साहेबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि निकाल सांगितला. सावकाश, काही न गाळता. अक्का खांबाला टेकून ऐकत होती. मल्लू शाळेत गेला होता.

ऐकून झाल्यावर ती उठली आणि कुणी काही न सांगता चूल पेटवली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी. पत्रावळीवर वाढलं. साहेबांनी पिशवीतला पेला काढला. अक्कानं तो पाहिला आणि वरून पाणी ओतलं. जुन्या चाली एका जेवणात मोडत नाहीत, आणि त्या दिवशी त्या मोडायची ताकदही कुणात नव्हती.

दोन घास झाले असतील. अक्का म्हणाली, “साहेब, एक इचारू?”

“विचारा.”

“आता पोरानं मला काय म्हणायचं?”

साहेबांचा हात पत्रावळीवरच थांबला. मी कायद्याचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला बोटानं गप्प केलं.  मग म्हणाले, “अक्का, निकाल मी सगळा वाचला. आई म्हणायला त्यात मनाई न्हाय.”

अक्कानं मान हलवली आणि त्यांना आणखी आमटी वाढली. त्यांनी ती खाल्ली.  परतीच्या मोटारीत ते ‘मिसल बसली’ म्हणाले नाहीत.

काही दिवसांनी अण्णा धाराशिवला आला. निकालाची अंमलबजावणी करायची होती. म्हणजे कोर्टाचा बेलीफ नेऊन मल्लूला घराबाहेर काढायचं, ईटला पाठवायचं. अण्णा बोलत होता आणि साहेब बोरू तासत होते. अण्णाची हकिकत खोटी नव्हती. हुकूम त्याच्याच बाजूनं झाला होता. तरी साहेब तासत राहिले. बोरू संपला. मग त्यांनी अण्णाचं वकीलपत्र काढून त्याच्यापुढं ठेवलं.

“अण्णा, मुराफा माझा व्हता. तो झाला. हे दुसऱ्याकडून करून घ्या.”

“साहेब, जिंकून दिलंत आन् आता हात झटकता?”

“हौ.”

अण्णा तणतणत गेला आणि दुसऱ्या वकिलाकडं जाऊन बसला. साहेबांनी टेबलावरचा भुगा फुंकरीनं उडवला. मी त्यांना म्हणालो, “साहेब, मी काय करणार आहे ते तुम्हाला ठाऊक असेल.” ते म्हणाले, “मला सांगू नका. आत्तापर्यंत मी त्यांचा वकील व्हतो.”

मी करणार होतो ते अगदी साधं होतं. पहिलं दत्तक झालंच नाही असं कोर्ट म्हणतं ना, मग मुलगा अजून ईटच्या बापाचाच आहे. बापानं तो आता द्यावा. या वेळी हातानं. तसं रीतसर दत्तक झालं की भावाचा वारसा पुन्हा मल्लूकडं येणार होता. बेलीफ यायच्या आत मी ईटला निरोप धाडला, जंगमांना बोलावलं आणि अक्काच्या अंगणात पुन्हा पाट मांडले.

साहेबांना बोलावणं अक्कानं धाडलं होतं, मी नव्हे. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. अंगणाच्या कडेला, अण्णाकडून वाकलेल्या चिंचेखाली, सगळ्यांपासून वेगळे बसले. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडं अण्णा हाताची घडी घालून उभा होता. माजी अशील आणि माजी वकिलानं एकमेकांकडं पाहिलं नाही.

मल्लू आता दहा-अकरा वर्षांचा झाला होता. अंगानं चांगला भरलेला, मिसरूड फुटायचीच काय ती बाकी. एवढ्या माणसांत आपल्याला पुन्हा दत्तक घेतात, याची त्याला भयंकर लाज वाटत होती. जंगमांनी मंत्र म्हटले. अक्का पाटावर बसली, पदर सावरला, ओटी पसरली. बाप उठायला गुडघ्यावर हात ठेवतो तोवर, हे काम एकदाचं संपावं म्हणून मल्लू झपझप चालत गेला आणि अक्काच्या मांडीशी वाकला.

“थांब रे. बसू नको.”

साऱ्या अंगणावर तो आवाज गेला. साहेब उभे राहिले होते. इतक्या वर्षांत कोर्टातसुद्धा त्यांचा आवाज असा चढलेला मी ऐकला नव्हता. टोपी खाली मातीत पडली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. “माघारी जा. बापापाशी जा. बापाला उचलू दे तुला. उचला त्याला हो, कुणीतरी सांगा बापाला.”

मल्लू घाबरून मागं आला. ईटचा बाप वाळलेला, उन्हातान्हात राबलेला माणूस. त्यानं पोराच्या काखेत हात घातले, कण्हत त्याला उचललं आणि पाय जमिनीवर घासत नेऊन अक्काच्या मांडीत ठेवलं. अक्का लहानखुरी. पोराआड दिसेनाशी झाली. अंगण हसायला लागलं. मल्लूचे कान लाल झाले. अक्का मात्र त्याच्या पाठीमागून दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरून बसली होती, आणि जंगम ‘आता सोड’ म्हणाले तरी सोडेना.

साहेब हसले नाहीत. टोपी उचलून झटकत राहिले.  स्वतःच्या एका प्रश्नानं जे मोडलं होतं ते त्यांनी स्वतःच्या आवाजानं सांधलं, आणि ते करताना वकिलीचा सारा कोरडेपणा त्यांच्या हातून सुटला. मला ते त्या दिवशी जितके आवडले तितके आधी कधी आवडले नव्हते. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते रुचलं नसतं.

बेलीफ आला तसा नवे कागद बघून परत गेला. अण्णानं नवा दावा लावला: दुसरं दत्तकसुद्धा झालेलं नाही, अंगणात नुसती जेवणं झाली, बाकी सगळं कागदावर. अक्काच्या बाजूचे साक्षीदार कोण, तर बाप, जंगम आणि नातलग. म्हणजे सगळे घरचे. परका एकच माणूस तिथं होता. त्याच्या शब्दावर कुठल्याही कोर्टानं विश्वास ठेवला असता, आणि तो अण्णाचाच पूर्वीचा वकील होता. मी साहेबांचं नाव साक्षीदारांत घातलं. त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, “बोलावतील तेव्हा येईन. पाहिलं ते सांगेन.” मल्लू अक्काच्या घरात राहतो की बाहेर जातो, हे आता त्या साक्षीवर येऊन ठेपलं होतं.

पण तारीख लागायच्या आत दिवस फिरले. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. आमच्यासारखी कितीतरी घरं हद्द ओलांडून बार्शीला, सोलापूरला गेली. मीही मुलाबाळांना घेऊन बार्शीत राहिलो. कोर्ट नावापुरतं उघडं असे. मग अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही घरी परतलो. आम्ही परतलो तेव्हा दुसरी माणसं गेली होती. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात मुसलमानांच्या वस्त्यांचं जे झालं ते मी इथं लिहीत नाही. झालं नाही, असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही.

साहेबांच्या घराला बाहेरून कडी होती. शेजाऱ्यांनी सांगितलं, बायकोला घेऊन मुलीकडं हैदराबादला निघाले. कुणी म्हणालं, सोलापूरच्या मोटारीत चढताना पाहिलं. कुणी म्हणालं, मोटार त्या दिवशी सुटलीच नव्हती. मी हैदराबादला ओळखीच्या वकिलांकडं चौकशी केली. त्यांना तिथं कुणी पाहिलं नव्हतं. पुढंही काही कळलं नाही. लिंबाखालच्या त्यांच्या टेबलावर लोकांचे अर्ज लिहून देणारा एक अर्जनवीस येऊन बसू लागला. चांगला माणूस होता. मला त्याच्याशी नीट बोलता यायचं नाही.

कोर्ट पुन्हा सुरळीत झालं तेव्हा आमची तारीख लागली. न्यायाधीश नवे होते, बाहेरून आलेले. भिंतीवरच्या निजामाच्या तसबिरीच्या जागी रंगाचा चौकोन तेवढा उरला होता. अक्का दाराशी जमिनीवर बसली होती आणि तिच्यामागं मल्लू भिंतीला टेकून उभा होता. अण्णा बाकावर. माझे बाकीचे साक्षीदार झाले होते आणि अण्णाच्या नव्या वकिलानं त्यांना घरचे म्हणून फाडून खाल्लं होतं. उरला होता एकच.

शिपायानं बाहेर जाऊन साहेबांचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पुन्हा पुकारलं.  चहावाल्यानं किटली खाली ठेवली. शिपाई जुना होता, साहेबांना रोज सलाम करणारा. तिसऱ्यांदा पुकारताना नाव अर्धंच राहिलं.

अण्णाचा वकील उठला. “साक्षीदार नाही. पुरावा बंद करावा.”

न्यायाधीशांनी माझ्याकडं पाहिलं.  साक्षीदार कुठं आहे, तर ठाऊक नाही. येणार आहे का, तर ठाऊक नाही. जिवंत आहे का, हे त्यांनी विचारलं नाही, त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. अक्कानं मागं हात नेऊन मल्लूचं मनगट धरलं.

तेवढ्यात बाकावरून अण्णा उठला. “सायेब, मला बोलायचंय.”

त्याच्या वकिलानं बाही ओढली. अण्णानं ती सोडवून घेतली आणि पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. न्यायाधीश म्हणाले, “तुमची साक्ष झाली आहे.”

“झाली. त्यात म्या खोटं बोललो. वकीलसाब तितं व्हते. पोरगं आपल्या पायानं बसाया निघालं, त्येनी वरडून थांबिवलं. मग बापानं उचलून दिलं. म्या भितीपल्याड हुबा व्हतो. समदं बघितलं.”

“हे आज सांगता? दावा तुमचा आहे. यानं तुम्ही हरता, कळतंय ना?”

“कळतंय, सायेब.”

“मग दावा लावला तेव्हा का नाही सांगितलं?”

अण्णा म्हणाला, “तवा ते व्हते. ते येणार, आपलं खरं सांगणार, म्या माझं खोटं सांगणार, आन् तुमी काय ते ठरवणार, आसं माझ्या मनात व्हतं. ते आले आसते तर त्येंच्या तोंडावर भांडलो आसतो. माणूस न्हाय, त्येच्या माघारी कसं नाकारू?”

न्यायाधीशांनी ते शब्दाशब्दानं लिहून घेतलं. अण्णाच्या वकिलानं कागद आवरायला घेतले. दाव्यात आता काही उरलं नव्हतं आणि हे दाराशी बसलेल्या अक्कालाही कळलं असावं, कारण तिनं मल्लूचं मनगट सोडलं आणि पदर तोंडाशी धरला.

कारकुनानं साक्षीदारांची नावं पुढं ओढली. “शेवटच्या साक्षीदारापुढं काय लिहू, साहेब?”

“गैरहजर लिहा,” न्यायाधीश म्हणाले.

अण्णा अजून पिंजऱ्यातच उभा होता. “तेवढं नगा लिव्हू, सायेब,” तो म्हणाला.